नाचाचा टॉप व्ह्यू

चिमूरची ओळख कोणी विचारली तर आम्ही तीन गोष्टी सांगतो. १९४२ ची क्रांती, बालाजीची घोडायात्रा आणि ताडोबाचा वाघ. या यादीत बॅलेला काय काम, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या बालपणात बॅले होता, बरं का! आमच्या कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत काचेच्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. गुळगुळीत कागद, पानभर चित्रं, गुलाबी बूट घालून बोटांच्या टोकावर उभ्या असलेल्या मुली. त्यामुळे 'प्लिए' म्हणजे गुडघे वाकवणं, हे मला पाचवीतच पाठ झालं. प्रत्यक्ष बॅले मात्र मी आजपर्यंत एकदाही पाहिलेला नाही!

याच्या उलट गोष्ट 'रेला'ची. माझी हॉस्टेलची रूममेट एटापल्लीकडची, गोंड घरातली. तिची आजी रेला नाचण्यात तरबेज. हा नाच मी २६ जानेवारीच्या कार्यक्रमांत कितीतरी वेळा पाहिलाय. बायका एकमेकींना हातांनी धरून एका ओळीत सरकतात, गाणंही त्याच गातात. डोळ्यांसमोर इतक्यांदा झालेल्या या नाचातल्या एकाही पावलाचं नाव मला सांगता येत नाही. का? तर कपाटात त्याचं पुस्तक नव्हतं, म्हणून.

तर सांगायचा मुद्दा असा की नाच हवेत असतो. नाचणारी थांबली की संपला. त्याला टिकायचं असेल तर एक तर पुढच्या पिढीच्या पायांत उतरावं लागतं, नाहीतर कागदावर. बॅलेवाल्यांनी हे फार लवकर ओळखलं. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने १६६१ साली नृत्याची अकादमी काढली आणि १७०० मध्ये फ्यूये नावाच्या नृत्यशिक्षकाने पॅरिसमध्ये एक पुस्तक छापलं. गंमत अशी की त्यात कागदाचं पान म्हणजेच नाचाची खोली. नाचणारा खोलीभर ज्या वाटेने जाईल ती रेघ पानावर काढलेली आणि त्या रेघेवर प्रत्येक पावलाची खूण. म्हणजे मित्रांनो, आपण फर्स्ट इयरला ड्रॉइंग शीटवर घाम गाळत जो 'टॉप व्ह्यू' काढला, तोच! १७०६ साली त्याचं इंग्रजी भाषांतरही झालं. पॅरिसला न जाता लंडनचा माणूस तो नाच पानावरून शिकू लागला.

आता म्हणाल, आपल्याकडे असं कुठे? आहे की! वारली चित्रातला तारपा नाच आठवा. मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोगलगायीच्या शंखासारखी वळत गेलेली माणसांची साखळी. ती साखळी वरून पाहिलेली असते आणि त्यातला एकेक माणूस बाजूने. एकाच चित्रात टॉप व्ह्यू आणि साइड व्ह्यू! आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी मार्क कापले असते, पण नाच समजायला याहून सोपी आकृती दुसरी नसेल. डहाणूकडच्या बायका भिंतीवर तांदळाच्या पिठाने हे काढत आल्या. जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणि कापडावर आणून जगभर पोचवलं, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

पण चित्र असणं वेगळं आणि पुस्तक असणं वेगळं. पुस्तकाला प्रकाशक लागतो, पैसा लागतो आणि मुख्य म्हणजे जिद्द लागते. इथे मला एका बाईंबद्दल सांगायचंय. गीता वुल्फ. तौलनिक साहित्याच्या अभ्यासक. १९९४ साली त्यांनी चेन्नईत 'तारा बुक्स' सुरू केलं. सुरुवातीच्या काळात त्यांनी एका भुकेल्या सिंहाची गोष्ट काढली. त्यातली चित्रं इंद्रप्रमित रॉय या शिकलेल्या चित्रकाराने वारली पद्धतीने काढली होती. छपाई मशीनवर नाही, हाताने, स्क्रीन प्रिंटिंगने! फ्रँकफर्टच्या पुस्तक जत्रेत कॅनडाच्या एका प्रकाशकाने ते पाहिलं आणि हजारो प्रती मागितल्या. विचार करा, प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, एक रंग वाळल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही, आणि हे प्रत्येक पानाला! दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, ऑफसेटवर छापून देतो. यांनी हाताने छापणाऱ्यांची टीम उभी केली आणि ऑर्डर पुरी केली. हाताने छापलेलं पुस्तक ही आजही 'तारा'ची ओळख आहे.

पुढे पाटणगडच्या गोंड चित्रकारांशी त्यांची गाठ पडली. भज्जू श्याम लंडनला जाऊन आले होते, तिथे एका हॉटेलच्या भिंती रंगवायला. त्यांनी पाहिलेल्या लंडनचं पुस्तक 'तारा'ने २००४ मध्ये काढलं. त्यात बिग बेनचं घड्याळ म्हणजे बांग देणारा कोंबडा आणि जमिनीखालून धावणारी रेल्वे म्हणजे गांडूळ! २००६ साली भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती यांचं झाडांच्या रात्रीच्या आयुष्यावरचं पुस्तक आलं. काळा हातकागद, त्यावर हाताने छापलेली चित्रं. २००८ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात त्याला पारितोषिक मिळालं. आणि २००९ साली वारली क्रियापदांचं पुस्तक आलं, पण या वेळी चित्रं रमेश हेंगाडी, शांताराम धडपे आणि त्यांच्या घरच्यांची. सिंहाच्या गोष्टीत शैली वारली होती, चित्रकार बाहेरचा. दीड दशकाच्या आतच वारली स्वतः पुस्तकाचे कर्ते झाले, मुखपृष्ठावर नाव घालून. मला या बाईंच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. बक्षिसांपेक्षाही मोठी.

का वाटते ते सांगते. मागच्या सेमिस्टरला मी रूममेटला म्हटलं, "आपण तुझ्या आजीच्या रेलाचं पुस्तक करू. सोळा पानांचं. चित्रं तू काढ, मजकूर मी लिहीन." तिची चित्रकला झकास आहे. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आमच्याकडे लोक येतात, फोटो काढतात, रेकॉर्डिंग करून नेतात. मग ते कुठं जाते, कोणाच्या नावावर लागते, काहीच समजत नाही. तुह्या पुस्तकावर नाव कोणाचं राहीन?" प्रश्न साधा होता, पण व्हायवाच्या प्रश्नांपेक्षा अवघड. मी तिला दुर्गाबाईंच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ मोबाइलवर दाखवलं. तिने ते मोठं करून नावं वाचली आणि म्हणाली, "मंग आजीचं पहिलं."

ठरलं!

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चिमूरला आमच्या ओळखीच्या प्रिंटिंगवाल्या काकांकडे गेले. ते लग्नपत्रिका छापतात, त्याच स्क्रीन प्रिंटिंगने. म्हणजे चेन्नईचं तंत्र आमच्या गावात आधीपासूनच आहे! त्यांना विचारलं, दोन रंग, सोळा पानं, पन्नास प्रती, जमेल का? काकांनी हिशेब मांडला आणि म्हणाले, "लग्नसराईत नाही जमत पोरी. पावसाळ्यात ये, तेव्हा फ्रेमा रिकाम्याच राहतात. पण शाई वाळायला वेळ लागते, हे आधीच सांगून ठेवतो." आकडा आम्हा दोघींच्या पॉकेटमनीच्या बाहेरचा आहे, म्हणून या वर्षी गॅदरिंगचे नवे ड्रेस रद्द.

प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूत हे सांगून काही उपयोग होणार नाही, हे मलाही कळतं. पण परवा रूममेट गावाहून परत आली ती पहिलं चित्र घेऊन. बारा बायकांची ओळ, वरून पाहिलेली. आजीने ते हातात घेऊन एकेकीवर बोट ठेवून नावं सांगितली म्हणे. मग म्हणाली, यात दोघी कमी आहेत. त्या आता नाहीत, पण माझ्या डाव्या हाताला त्याच असायच्या. त्यांनाही काढ.

आता ओळीत चौदा जणी आहेत.