रिकामा असताना अडकणारा संगणक

आम्हा सरकारी कारकुनांना रिकामं बसण्यावरून टोमणे खायची सवय असते. पण रिकामपण धोक्याचंही असतं, हे मला घरच्या संगणकाने शिकवलं.

निवृत्त झाल्यापासून बाबा बल्कांवात गप्प बसून असतात. गावच्या जत्रेतल्या नाटकांच्या त्यांच्या जुन्या वह्या मी टाइप करायला घेतल्या. संगणकावर लिनक्स. टाइप करताना सगळं सुरळीत; चहा घेऊन परत यावं तर स्क्रीन गोठलेला! माऊस हलेना, कळ चालेना. बटण दाबून बंद करण्यावाचून इलाज नाही. एकदा अख्खा प्रवेश गेला.

भाचा इंजिनियरिंगला आहे. त्याने विचारलं, "मामा, काम चालू असताना कधी अडकला?"

कधीच नाही!

मग त्याने समजावलं. काम नसलं की कर्नल, म्हणजे सगळ्या यंत्रणेचा गाभा, प्रोसेसरला झोपायला सांगतो. झोपेलाही पायऱ्या असतात. सी-० म्हणजे जागा, सी-१ म्हणजे डुलकी, सी-६ म्हणजे हातातलं सगळं बाजूला जपून ठेवून, वीज जवळजवळ तोडून घेतलेली गाढ झोप. कळ दाबली की इंटरप्ट जातो आणि तो उठतो. उठलाच नाही, तर नोंदीत काही सापडत नाही. नोंद करणाराच झोपलेला!

म्हणून चाचणी उलटी केली. सुरू करतानाच 'आयडल=पोल' असं लिहून त्याला मुळी झोपूच दिलं नाही. पंखा घोंघावत राहिला, पण तीन दिवस अडकला नाही. मग 'मॅक्स सी-स्टेट' १ ठेवून डुलकीपुरती मुभा दिली, तरी ठीक. एकेक पायरी वाढवत गेलो. सगळ्यांत खोल पायरी मोकळी केली, त्याच रात्री गोठला. चोर नाही, तरी चोराचं घर सापडलं!

आता १ वरच ठेवलाय. वीज थोडी जास्त जाते. हा तोडगा झाला. खरी दुरुस्ती कर्नल लिहिणाऱ्या जाणकारांचं काम.

वहीतलं अक्षर लागेना की मी बाबांना हाक मारायचो. हल्ली अक्षर लागलं तरी मारतो. "बाबा, हे काय लिहिलंय?"

ते चष्मा शोधत उठतात.