सत्त्यांची जोडी

पोकर नशिबाचा खेळ की कौशल्याचा, यावर आपल्याकडची न्यायालयं बरीच वर्षं बोलत आली आहेत. रमीत कौशल्य महत्त्वाचं असतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटलं होतं. पोकरबाबत कर्नाटक उच्च न्यायालय २०१३ मध्ये कौशल्याच्या बाजूने झुकलं, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा खेळ ठरवला. म्हणजे बेळगावात कौशल्य आणि अहमदाबादेत नशीब! मला विचाराल तर हा प्रश्नच जरा बाजूचा आहे. का, ते सांगायला मला माझ्या पहिल्या आणि शेवटच्या फायनल टेबलपर्यंत यावं लागेल.

ज्यांनी बदाम सात आणि मेंढीकोटच्या पुढे मजल मारली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच. टूर्नामेंटमध्ये सगळे सारखी फी भरतात, सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात. त्या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत, मध्येच उठून त्या वटवता येत नाहीत. संपल्या की तुम्ही बाहेर. दर काही मिनिटांनी सक्तीची बोली, म्हणजे ब्लाइंड, वाढत जाते, त्यामुळे नुसतं गप्प बसलं तरी चिप्स झिजतात. बक्षीस फक्त वरच्या थोड्यांना. बक्षिसाच्या अगदी एक पायरी आधी जो बाहेर पडतो त्याला 'बबल' म्हणतात. तो सगळ्यांत जास्त वेळ फुकट खेळलेला माणूस.

आमच्या घरात हा खेळ लॉकडाऊनमध्ये दादाने आणला. दादा बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, आणि २०२० मध्ये फौंड्री बंद म्हणून निपाणीला घरी. मम्मीला तो जुगारच वाटायचा. क्रुसाखाली बसून प्रभूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकणारे शिपाई ती दर गुड फ्रायडेला ऐकते, त्यामुळे तिचं मत पक्कं. (चर्चच्या फेस्टला हाऊजी चालते, ते कसं काय, असं दादा विचारायचा. मम्मी म्हणायची, "ते चर्चसाठी असतंय.") मी बारावीची पुस्तकं मांडीवर घेऊन त्याच्या खांद्यावरून बघत शिकले. "पत्ते बघू नको, माणसं बघ," हे त्याचं पालुपद.

ऑक्टोबर २०२१ मध्ये कर्नाटकाने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. अ‍ॅप उघडलं की ते आधी तुम्ही कुठे आहात ते तपासायचं आणि कर्नाटक दिसलं की दार बंद. आता निपाणीकराला यावर उपाय सांगायला लागतो होय? कोगनोळीच्या पुढे दूधगंगेचा पूल ओलांडला की कागल, महाराष्ट्र. १९५६ पासून आपण कुठले, हा वाद चालू आहे, महाजन आयोग होऊन गेला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या अ‍ॅपने मात्र पुलाच्या पलीकडे गेल्यावर दोन सेकंदांत निकाल दिला.

त्या डिसेंबरात एका रविवारी मिस्सा झाल्यावर दादाने मला गाडीवर मागे बसवलं. कागलला हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर आम्ही चार तास काढले. तीन चहा, दोन वडापाव, एक पॉवरबँक. शेवटी बक्षिसाला फक्त एक माणूस कमी व्हायचा राहिला. दादाकडे चिप्स थोड्या, ब्लाइंड अंगावर आलेली. एक्का-राणी आली आणि त्याने सगळं पुढे सरकवलं. समोर दस्सीची जोडी. मधल्या पाच पानांत आमच्या कामाचं काहीच आलं नाही. खेळ त्याने बरोबर खेळला होता, हे मी आजही म्हणेन. परतताना पुलावर त्याने गाडी हळू केली आणि मागे न बघता म्हणाला, "हप्त्यातले होते गं." एवढंच. निपाणीपर्यंत पुढे दोघंही गप्प.

ती बंदी १४ फेब्रुवारी २०२२ ला उच्च न्यायालयाने रद्द केली. पण दादा त्यानंतर पैसे लावून बसला नाही. गाडीचा हप्ता त्याने ओव्हरटाइम करून भरला.

मी बसले ती गेल्या वर्षी मेच्या सुट्टीत. पंचावन्न रुपयांची टूर्नामेंट, पैसे शिकवणीचे. आधीच ठरवलं होतं, ही एकच. पहिला दीड तास आठवतही नाही, पानं टाकत गेले. बबलपाशी आल्यावर मात्र सगळे एकदम कासव झाले. स्क्रीनवर 'बक्षिसाला एक बाकी' असं झळकत होतं आणि मी मनातल्या मनात चक्क म्हणत होते, कुणीतरी जा रे. पाच-सहा मिनिटांनी कुणीतरी गेलं. चॅटमध्ये फटाक्यांची चित्रं. मला कागलची टपरी आठवली. तो जो गेला त्याला परत जायला किती किलोमीटर होते, कुणास ठाऊक.

मग नऊ जणांचं शेवटचं टेबल, मग सहा, मग तीन. तिघांकडे चिप्स जवळजवळ सारख्या. माझ्या डावीकडच्याने चित्र म्हणून ट्रॅक्टर लावला होता. समोरच्याने ऑल-इन केलं आणि माझ्या हातात सत्त्यांची जोडी.

इथे थोडं गणित. समजा बक्षिसं ५०, ३० आणि २० रुपये आहेत. तिघांकडे सारख्या चिप्स, म्हणजे प्रत्येकाची जागा ३३ रुपये ३३ पैशांची. मी भिडले आणि जिंकले तर माझ्या चिप्स दुप्पट होतात, पण माझी जागा दुप्पट होत नाही, ती होते ४३ रुपये ३३ पैशांची. हरले तर २० घेऊन घरी. दहा मिळवण्यासाठी तेरा पणाला. म्हणून शंभरातले निदान सत्तावन्न वेळा जिंकण्याची खात्री हवी. समोर दोन मोठी पानं असली तर सत्त्यांची जोडी साधारण पंचावन्न वेळा जिंकते. समोरच्याने एक्का-राजा उघडून दाखवला असता तरीही पानं टाकणंच बरोबर होतं.

मी टाकली. ट्रॅक्टरवाला भिडला आणि हरला. तो चॅटमध्ये 'जीजी' म्हणाला, म्हणजे छान खेळलो आपण, आणि गेला.

आता त्याच गणितातली तिसरी जागा बघा, जी माझी होती. मी काहीच केलं नाही. दोन माणसं एकमेकांवर आदळली आणि माझ्या जागेची किंमत ३३.३३ वरून ३६.६७ झाली. एकही चिप हातात न येता. शेवटच्या टप्प्यात अशीच कमाई होते, दुसऱ्याच्या जाण्यातून. यात कौशल्य आहे का? नक्की आहे, मी ते शिकले होते. पण माझ्या कौशल्याने ट्रॅक्टरवाल्याचे पंचावन्न रुपये कसले होते ते बदलत नाही. कॅटेकिझमचा २४१३ वा परिच्छेद मी नंतर मुद्दाम काढून वाचला. पत्ते किंवा पैज मुळात अन्यायकारक नाही, असं तो सांगतो. माणसाच्या आणि इतरांच्या गरजेचं जेव्हा त्यात जातं, तेव्हा ते मान्य नाही. नशीब की कौशल्य, हे तिथे विचारलेलंच नाही. हप्त्यातले होते का, हेच विचारलंय.

शेवटच्या दोघांत मी हरले. दुसरं बक्षीस. पैसे बँकेत आल्यावर दादाला हेल्मेट घेतलं. कशाचं, विचारू नको म्हटलं, त्याने विचारलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला आणि पैसे लावायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद झाले. त्यातही खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, फरक नाही. आता कागलला जाऊनही उपयोग नाही. पंचावन्न रुपये आणि पगाराचा हप्ता यांना एकाच फटक्यात तोडणारा कायदा मला थोडा आडदांडच वाटतो, पण 'कौशल्य' या शब्दामागे लपायची सोय त्याने ठेवली नाही, हेही खरं.

ख्रिसमसच्या सुट्टीत आम्ही घरी चिंचोके लावून खेळलो. दादाने मम्मीलाही बसवलं. तिघं उरल्यावर दमाने घ्यायचं असतं, हे मी तिला दोनदा समजावलं. ती दुर्री-पंजीवर सगळे चिंचोके पुढे सरकवते. दोन्ही रात्री तीच जिंकली.