रक्तातच आहे म्हणतात

जालना जिल्ह्यात मोसंबीची बाग लावणाऱ्याला खुंटाचे महत्त्व सांगावे लागत नाही. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेले कलम डिंक्या रोगाला लवकर बळी पडते. रंगपूर लिंबाचा खुंट त्यापुढे बराच तग धरतो. तथापि जंबेरीवरचे प्रत्येक झाड डिंक्याने जात नाही, आणि बुंध्याशी पाणी साचत राहिले तर रंगपूरवरचेही वाचेलच असे नाही. झाडांच्या बाबतीत आपण हे तारतम्य बाळगतो. माणसांच्या बाबतीत ते कोठे जाते, कोणास ठाऊक!

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका नऊ वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. उपचारांसाठी घरच्यांच्या मुंबईला खेपा सुरू झाल्या आणि तोच त्याच्या थोरल्या बहिणीची ठरलेली सोयरीक मोडली. निरोप घेऊन आलेले मध्यस्थ सज्जन होते. ते म्हणाले, "फादर, मुलीत काही खोट नाही हो, पण रक्तातच आहे म्हटल्यावर पाहुणे कचरतात."

मला वाटते, घोटाळा या शब्दातच आहे. आपल्या मराठीत रक्त म्हणजे नाते, कूळ, वंश. त्यामुळे रक्ताचा रोग म्हटला की तो वंशाचाच रोग ठरतो. वस्तुतः रक्त तयार होते अस्थिमज्जेत, आणि तेथील एखाद्या पेशीच्या जनुकांत आयुष्याच्या ओघात बिघाड होऊन हा रोग बहुधा उद्भवतो. 1960 साली अमेरिकेतील फिलाडेल्फियात रक्तकर्करोगाच्या एका प्रकारात एक आखूड गुणसूत्र आढळले. ते 9 आणि 22 या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बनते, हे 1973 साली जॅनेट राउली या विदुषीने दाखवून दिले. हा बदल रुग्णाच्या रक्तपेशींत असतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलाबाळांकडे जातही नाही.

मग उपजत असे काहीच नाही काय? आहे. 2009 साली एआरआयडी5बी आणि आयकेझेडएफ1 या जनुकांतील काही फरक लहान मुलांच्या रक्तकर्करोगाशी निगडित आढळले. असा फरक असल्यास धोका साधारण दीड ते दोन पट होतो. ऐकून छातीत धस्स होते खरे, परंतु मुळात मुलांना सर्वाधिक होणारा रक्तकर्करोग सुमारे 2000 मुलांत एकालाच होतो. तो दुप्पट झाला तरी हजारात एक! हे फरक असंख्य निरोगी माणसांच्या अंगी असतात. तुमच्या, माझ्या, कदाचित त्या पाहुण्यांच्याही. आपण मात्र मेंडेल या ऑगस्टिनियन मठवासीयांनी 1865 साली मांडलेला वाटाण्याचा हिशेब माणसाला लावतो: अमुक गुण आला की दाणा हिरवा, नाहीतर पिवळा. मोजक्या घराण्यांत एखाद्याच जनुकाचा दोष खरोखर प्रबळ असतो. एकाच घरात अनेकांना असे आजार झाले असतील तर तज्ज्ञ डॉक्टरांना जरूर विचारावे, मध्यस्थांना नव्हे.

उपजत फरक जाणून घेण्याचा खरा उपयोग औषधोपचारात होतो. मुलांना दीर्घकाळ द्यावे लागणारे मर्कॅप्टोप्युरीन हे औषध काहींना नेहमीच्या मात्रेतही सोसत नाही; पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. एनयूडीटी15 या जनुकातील फरक त्याचे एक कारण असतो. युरोपीय वंशाच्या लोकांत तो क्वचित सापडतो, आपल्या लोकांत त्याहून पुष्कळ अधिक. तो आधी कळला तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात. तेव्हा आपले मूल उपचार घेत असेल तर या तपासणीविषयी निःसंकोच विचारावे.

त्या मुलाचा आजार पुढे दोन वर्षांनी उलटला. आता अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण हाच मार्ग उरला होता. त्यासाठी दात्याच्या पेशी जुळाव्या लागतात, आणि सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. बहिणीची तपासणी झाली. तिच्या जुळल्या.

प्रत्यारोपण खारघरच्या टाटा केंद्रात झाले. त्या मुलाच्या मज्जेत आज बहिणीच्याच पेशी रुजल्या आहेत, आणि त्याच्या शरीरात जे रक्त तयार होते ते तिच्या जनुकांचे आहे.