मागून म्हणणारी बाई

माणसाला एखादा छंद असावा, असे सांगणारी माणसे मला आजवर पुष्कळ भेटली. त्या छंदाला लागणाऱ्या वायरी परभणीत कुठे मिळतात, हे सांगणारा मात्र एकही भेटला नाही. बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षे काढलेल्या बी.कॉम. माणसाने राहत्या घरात रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला, हे ऐकून शाखेतल्या मंडळींनी एकच प्रश्न विचारला, "गाणार कोण?" मी 'आई' म्हटल्यावर सगळ्यांना हायसे वाटलेले दिसले.

त्याचे असे झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी १९८०च्या दशकापासून खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या. एक लाखाहून जास्त भरल्या. त्यांत आमच्याच जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्याही आहेत, आणि त्या त्यांच्या आवाजात आजही ऐकता येतात. एका रविवारी मी त्या मोबाइलवर लावल्या. आई मेथी निवडत बसली होती. दोन ओव्या ऐकून म्हणाली, "बाई गोड म्हणती. पण आमच्याकडं हे येगळं म्हणायचे." आणि तिने म्हणून दाखवली. मग दुसरी. जुडी संपेपर्यंत अकरा झाल्या.

आईचे वय ७६. गेल्या वर्षभरात ती माणसांची नावे विसरू लागली आहे. मला कधी कधी धाकट्या मामाच्या नावाने हाक मारते आणि मी ओ देतो. ओव्यांतला शब्द मात्र इकडचा तिकडे होत नाही. ही ठेव कोणत्या तारखेला संपणार हे पावतीवर लिहिलेले नसते, म्हणून मी घाई केली.

कोठीच्या खोलीतली ज्वारीची पोती हलवली, भिंतींना घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या टांगल्या. पंख्याचा आवाज माइकला चालत नाही, आणि पंख्यावाचून मे महिन्यात परभणीच्या माणसाचे चालत नाही. शेवटी माइकचे ऐकले. माइक आणि संगणक यांच्यामध्ये एक डबी लागते, तिला इंटरफेस म्हणतात. आवाज घेऊन संगणकाला द्यायचा, संगणकाचा घेऊन हेडफोनला द्यायचा. थोडक्यात, आवक-जावक कारकून. जात्यावाचून आईला ओवी सुचत नाही आणि खरे जाते फिरवले तर आईचा आवाज बुडतो. म्हणून सौ.ला दळायला बसवून जात्याची घरघर मोबाइलवर आधी टिपून घेतली. ती हेडफोनमध्ये आईला ऐकवायची, अशी माझी योजना. हेडफोन कान पूर्ण झाकणारे घ्यावे लागतात, नाहीतर घरघर बाहेर गळून माइकमध्ये शिरते.

पहिल्या दिवशी आवाज डाव्याच कानात आला. हिशेबाच्या वहीत डावी बाजू नावे, उजवी जमा. माझ्या एकंदर परिस्थितीशी हे सुसंगत होते, म्हणून दोन दिवस मला त्यात चूक आहे असे वाटलेच नाही. पहिल्या खाचेतला माइक संगणक डावीकडचा समजतो, त्याला 'मोनो' सांगावे लागते. सांगितले.

मग नमुन्यादाखल आईची एक ओवी टिपली आणि लावून पाहिली. जाते ऐकू येत होते, आई नव्हती. पडद्यावर तिच्या आवाजाच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. मी आवाज वाढवला. जाते गिरणीसारखे घरघरू लागले, आई कुठे दूर विहिरीत बोलल्यासारखी. तीन संध्याकाळी मी घामाने निथळत बटणे फिरवली. सौ.ने दाराशी उभे राहून सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आईंचा आवाज असा घालवता येतो, हे मला अठरा वर्षांत कुणी सांगितलं नाही."

दोष निघाला पिनेत. हेडफोनची पिन अर्धा दाणाभर बाहेर राहिली होती. अशा वेळी दोन्ही कानांची मिळून जी एक परतीची तार असते, ती टेकत नाही. मग कानांना ऐकू येतो तो फक्त डाव्या-उजव्यातला फरक. जाते दोन बाजूंना वेगवेगळे टिपलेले, ते उरले; आईचा आवाज दोन्हीकडे सारखा, तो वजा झाला. नावे-जमा सारखे, बाकी शून्य. बावीस वर्षे हेच करून मला ते ओळखता येऊ नये! पिन दाबली, 'टक्' झाले, आई परत आली.

आता आईला हेडफोन चढवले. "बैलाला झापडं लावल्यावानी वाटायलंय," असे म्हणून तिने सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला अडखळली. शब्द लांबवू लागली. थांबून म्हणाली, "मागं मागं कोण म्हणायलंय रं?"

मागे तीच होती. संगणक एका सेकंदात आवाजाचे ४४,१०० तुकडे करतो, पण ते सुटे पाठवत नाही, गठ्ठे बांधतो. १,०२४चा गठ्ठा म्हणजे येताना सुमारे २३ मिलिसेकंद, जाताना तेवढेच, आणि वर ड्रायव्हर नावाचा मध्यस्थ आपला उशीर चढवतो. परगावच्या चेकसारखे. स्वतःचे बोलणे किंचित उशिरा कानी पडले तर चांगला बोलणारा माणूसही तोतरा होतो, हे बर्नार्ड ली यांनी १९५० सालीच दाखवून दिले होते. मी नांदेडच्या भाच्याला फोन लावला. "मामा, डबीचाच ड्रायव्हर टाका, गठ्ठा १२८ करा. नाहीतर सरळ डायरेक्ट मॉनिटर चालू करा, आवाज संगणकात न जाता डबीतूनच परत येईल. पण मग संगणकाकडून येणारा बंद करा, नाहीतर दोनदा ऐकू येईल."

तसे केले. केसाएवढाही उशीर उरला नाही. दिवसअखेर कॅश जुळल्यावर होतो तो आनंद मला झाला. आईने चार ओव्या म्हटल्या आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"गेली का ती?"

"कोण?"

"थोरल्या बाई. त्या अशाच मागून धरायच्या."

थोरल्या बाई म्हणजे माझ्या थोरल्या काकू. गावाकडे पहाटे दोघी जात्याशी समोरासमोर बसत. आईने ओळ सोडली की काकू शेपूट धरून पुढे नेत. काकूंना जाऊन अकरा वर्षे झाली. त्यांचे नाव आई एकदाही विसरलेली नाही.

मी पुन्हा भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, लोक हा उशीर घालवायला पैसे मोजतात." पण गुणी पोरगा, उपाय सांगितला. आईचा आवाज डबीतून ताबडतोब, आणि संगणकातून तोच, सेकंदभर मागे, जरा हळू. म्हणजे आधी जी चूक टाळायची होती तीच, रीतसर व्हाउचर करून. एवढ्या अंतराने आई अडखळत नाही; वाट पाहते. आणि हा दुसरा आवाज फक्त हेडफोनमध्ये असतो, नोंदीत तो उतरत नाही. रात्री मी लावून ऐकतो तेव्हा ओळीनंतर एक मोकळी जागा येते आणि मग पुढची ओळ.

आजवर ६३ झाल्या. काल मध्येच हेडफोन सारून आईने सौ.ला हाक मारली, "चहा टाक गं. थोरल्या बाईंला बी." ती थट्टा होती की नव्हती, हे मी विचारले नाही. सौ.नेही विचारले नाही. तिने दोन कप आणून ठेवले. दुसरा मी प्यालो. साखर काकूंना लागायची तेवढीच, म्हणजे फार होती.