गाडायचं फूल

माघात परदेशी बागांची चित्रं पाहताना ल्युपिनशी नजर अडते. दांड्यावर हातभर फुलं, खालून वर उमलत जाणारी. निळी, गुलाबी, दुरंगी. धाराशिवात त्याचं जमणं अवघड. त्याला गारवा लागतो, चुनखडी सोसत नाही, आणि आमच्या रानात चुनखडीला तोटा नाही. ऑक्टोबरात भिजवलेलं बी कुंडीत टोकलं तर थंडीच्या जोरावर फुलेलही, पण फाल्गुनाचं ऊन चढलं की खेळ खलास.

घराणं मात्र ओळखीचं. हरभऱ्याचं जांभळट फूल नखावर घ्या (बोटांना आंब लागेल, लागू द्या). मागे उभी पाकळी, दोन्ही अंगांना पंख आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली इवलीशी होडी. ल्युपिनची घडण हीच. तागाचं पिवळं फूल तर त्याहून जवळचं. त्यावर जाडजूड भुंगा बसला की भाराने होडी दबते आणि तिच्या टोकातून पराग दट्ट्याने ढकलल्यासारखे त्याच्या पोटाला लागतात. ल्युपिनची युक्तीही तीच. मुळांच्या गाठींत हवेतला नत्र धरणं तर सगळ्यांचंच.

म्हणून तर ल्युपिनही आधी शेतातच होता. त्याची पांढऱ्या फुलांची जात रोमन शेतकरी खतासाठी पेरून नांगरत. कोलुमेलाने पहिल्या शतकातच तसा सल्ला दिला आहे. बागेतला ल्युपिन मूळचा अमेरिकेचा. त्याला आजची ऐट दिली ती यॉर्कच्या जॉर्ज रसेल या माळ्याने. १९११ च्या सुमारास तो नादी लागला. परागीकरण मधमाश्यांवर सोपवायचं आणि मनाला न आलेलं रोप उपटून टाकायचं, एवढीच त्याची रीत. १९३७ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात त्याची फुलं गाजली, तेव्हा तो ऐंशीचा होता.

तागाला असा रसेल भेटला नाही. पावसाळ्यात पेरायचा आणि फुलावर येता येता खतासाठी गाडायचा. उशीर केला तर खोड जून होतं, लवकर कुजत नाही. हिशेब रास्तच आहे, पण त्यामुळे तागाचं फूल डोळे भरून पाहिलेली माणसं कमी.

आमचा वसंत म्हणजे बालाघाटच्या उतारावरचा पळस. तोही शेंगेच्याच कुळातला, पण डोंगरातला असल्याने त्याचं कौतुक होतं. तो पेटतो तेव्हा हरभरा काढणीला आलेला असतो. हरभऱ्याचं फूल कसं असतं, असं शेतकऱ्याला विचारा. तो घाटे किती धरले ते सांगेल, आणि वर पुढच्या पिकाला बेवड चांगला आहे म्हणेल. हेही कौतुकच, फक्त फुलाचं नव्हे.

गेल्या पावसाळ्यात कुंपणाशी तागाची एक ओळ राखली. पुरुषभर वाढून पिवळी झाली, भुंगे येऊ लागले. शेजारचे काका रोज फाटकाशी थांबून निरखायचे. शेवटी न राहवून म्हणाले, "चांगला आलाय की! गाडायचा कधी?"