चंद्रभागेतल्या मासोळ्या

मैत्रिणींनो, आषाढीचं पंढरपूर तुम्ही पाहिलं असेल. पण वैशाखातली चंद्रभागा पाहिलीत का कधी? गेल्या सुट्टीत सासूबाईंना घेऊन मी गेले होते. घाटाच्या पायऱ्या उतरलो, तर समोर वाळूच वाळू! पुंडलिकाचं दर्शन कोरड्या पायांनी झालं. सासूबाईंच्या पिशवीत चुरमुऱ्यांची पुडी होती. आमचं घर माळकरी, घरात मासा शिजत नाही; पण नदीतल्या मासोळ्यांना चुरमुरे टाकायचा त्यांचा नेम कधी चुकत नाही.

पुढे एका डबक्यात बोटबोटभर मासे तोंडं वर काढून धापा टाकत होते. जवळच होडीच्या सावलीला एक कोळीण बसली होती. म्हणाली, "धरणातनं पाणी सोडलं की चार दिस नदी भरती, ताई. मग बंद. पाण्यासंगं आलेली मासळी खड्ड्यात अडकती न् तडफडून मरती."

भीमाशंकरला उगम पावलेली भीमा इथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. हा मुलूख कमी पावसाचा. वरच्या अंगाला १९८० साली उजनी धरण पुरं झालं. त्याच्या पोटात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यावर ऊस पिकतो, गावोगावचे नळ चालतात. सोलापूरच्या पिण्यासाठीही नदीच्या पात्रातून पाणी सोडलं जायचं. ते हवंच, नाही कोण म्हणेल?

उन्हाळ्यात नदीची धार पूर्वीही बारीक व्हायची. पण खोल डोह असत. वाम, शिंगाडा अशी इथली मासळी त्यांत तग धरी आणि मृगाचा पहिला लोंढा आला की कितीक जातींचे मासे अंडी घालायला वर चढत. आता वाट धरणाने अडली, वाळूच्या उपशाने डोह मोडले. बाजारात पाहाल तर पाटीभर चिलापी. ती मूळची आफ्रिकेची. "आमच्या सासूच्या येळची मासळी आता नावालाच," कोळीण म्हणाली.

उपाय अवघड नाहीत. सगळं पाणी एकदम सोडून एकदम तोडण्याऐवजी बारीक धार वाहती ठेवावी, डोहांतली वाळू उपसू नये, चढणीच्या दिवसांत जाळी लावू नयेत. नदीच्या प्रवाहाचा काही वाटा नदीसाठीच राखून ठेवावा, असं २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीतही म्हटलं आहे. स्वयंपाक करताना आपण गाईचा घास आधी बाजूला काढतो ना? तसंच हे.

सासूबाईंनी पुडी सोडली, पण चुरमुरे टाकले नाहीत. म्हणाल्या, "पांडुरंगाच्या कानांत मासोळ्या आहेत गं. त्याला काय सांगायचं?" मग आम्ही दोघींनी तांब्याने त्यातले जमतील तेवढे मासे मोठ्या डोहात नेऊन सोडले. दहा-बारा वाचले असतील. बाकीचे डोळ्यांपुढून अजून हलत नाहीत.