उतारावरची माती

पाऊस थोडा असला म्हणजे मातीस भय नाहीं, अशी आमच्या भागांत पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः शिक्रापूरसारख्या कमी पावसाच्या गांवींहि मातीचें नुकसान थोडें होत नाहीं. उन्हानें भेगाळलेल्या उघड्या जमिनीवर वळवाच्या सरी अशा कोसळतात, कीं वर्षभराची मशागत तासाभरांत ओहोळांतून वाहून जाते.

आमची परसबाग वेळ नदीच्या बाजूस एकदम उतरती आहे. वडिलांनीं लावलेल्या कागदी लिंबाचीं मुळें तेथें उघडीं पडूं लागलीं. सिमेंटची भिंत बांधावी, तर तिचा खर्च धाकट्या बहिणीच्या वर्षाच्या शिक्षणाइतका! झाड राखावें कीं शिक्षण, अशी निवड करण्याची पाळी येऊं नये म्हणून घरांतील सर्वांनीं मिळून स्वस्त उपाय योजिला.

उतार झिजतो तो मुख्यतः वाहत्या पाण्याच्या वेगामुळें. तो वेग मोडावा म्हणून आम्हीं प्रथम समपातळीच्या रेषा आंखिल्या. दोन सारख्या काठ्यांचीं टोकें एकत्र बांधून त्यांचे पाय फांकविले, मध्यें आडवी काठी बांधिली व शेंड्यापासून दोरीनें दगड सोडिला. दोरी आडव्या काठीच्या बरोबर मध्यावर आली म्हणजे दोन्ही पाय एका पातळीवर आहेत असें समजावें.

त्या रेषांवर वीतभर पाया खणून, शेतांत वेंचलेल्या दगडांच्या गुडघाभर उंच ताली रचिल्या. मोठे दगड खालीं, भिंतीचा कल उताराच्या अंगाकडे व मागें मुरुमाचा भराव. सिमेंट मुद्दाम घातलें नाहीं. कारण सांधींतून पाणी झिरपून गेलें म्हणजे त्याचा दाब भिंतीमागें सांचत नाहीं. मृगाच्या आरंभीं तालींच्या वरच्या अंगास वाळ्याचे ठोंब वीत-वीत अंतरानें लाविले. वाळ्याचीं मुळें सरळ खोल, कित्येकदां 10 फुटांपर्यंत, जातात. त्याची दाट ओळ माती अडविते व पाणी हळूहळू पुढें सोडते. मोकळ्या जागीं पालापाचोळा पसरला. पैसे पडले ते काय ते ठोंबांना. पावसाळा सरला तेव्हां तालींमागें चार बोटें माती सांचली होती.

ही युक्ति नवी नव्हे. पावसाचें पाणी ताली-बंधारे घालून जमिनींत मुरवावें, असें महात्मा जोतीराव फुले यांनीं 1883 सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत सुचविलें होतें. शेजारच्या पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धीच्या ग्रामस्थांनीं 1975 नंतर श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें चर व बांध घालून उजाड माळ हिरवे केले.

तथापि परसबागेचा उपाय डोंगरास लागू पडत नाहीं. 30 जुलै 2014 रोजीं आपल्याच जिल्ह्यांतील माळीण गांवावर अतिवृष्टींत डोंगर कोसळून दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. घराजवळच्या उंच कड्यास नव्या भेगा दिसल्या किंवा झाडें कललीं, तर तेथून दूर व्हावें व जाणत्या अभियंत्यास विचारावें. तेथें काटकसर कामाची नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, उन्हाळ्याच्या सुटींत आपल्या परसांतील उतार एकदां पाहा. मृगाला अवकाश आहे तोंच दगड वेंचून ठेविले, तर एक ताल रचणें घरच्या मंडळींस मुळींच अवघड नाहीं.